बोटीची मागची फळी

शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी तडकली आहे. सकाळपासून दोन माणसं तिला ठिगळ लावताहेत. खिडकी लावून घेतली तरी रेझिनचा वास आत येतो. गोडसर, जड, घशाच्या मागे बसणारा वास. मे महिन्याच्या अखेरीस तो आला की मला नदी आठवते. रेझिनचा आणि नदीचा तसा काही संबंध नाही. काही वर्षांपूर्वी याच दिवसांत तो जडला.

हे दिवस धड उन्हाळ्याचे नसतात, धड पावसाळ्याचे नसतात. दुपारनंतर जांबोटीकडून ढग येतात, बेळगावावर थांबतात आणि काही न करता निघून जातात. वाळत घातलेले कपडे वाळतात, पण घडी घालताना हाताला गार लागतात. मिठाच्या बरणीत खडे धरायला लागतात. तिकडे निपाणीच्या खालच्या अंगाला, नदीकाठी, माणसं शेणी खोपीत रचतात, गोठ्यावरचे पत्रे दोरीने आवळतात, वैरण उंचावर नेऊन ठेवतात. काही झालेलं नसतं. होणार आहे, एवढंच सगळ्यांना माहीत असतं. नदीकाठच्या माणसाला पूर जितका थकवत नाही, तितकी ही तयारी थकवते. पूर चार दिवसांचा पाहुणा. तयारी दर वर्षाची.

अण्णा, माझा थोरला भाऊ, नदीच्या एका वळणात राहतो. वळणाच्या पोटात मळा. मळ्यात घर, गोठा, म्हशी, ऊस. तीन बाजूंनी नदी आणि चौथ्या बाजूला ओढा. नदी चढली की पाणी ओढ्यातून उलटं शिरतं आणि मळ्याचं बेट होतं. समोर गाव दिसतं, शाळेची छपरं दिसतात, माणसं बोलतात ते ऐकू येतं, पण जायचं म्हटलं की बोट लागते. धरणातून पाणी सोडल्याची सरकारी दवंडी कन्नडमधून यायच्या आत वरच्या अंगाच्या, कोल्हापूरकडच्या पाहुण्यांचा फोन येतो. "सोडलंय बगा. उद्या सकाळपर्यंत तुमच्याकडं." मग अण्णा बोट काढतो.

बोट फायबरची. एका तलावावर बोटिंग चालायचं ते बंद पडलं, तिथून ती टेम्पोत बसून आली. तिच्या दोन्ही अंगांना हंस रंगवलेला होता. अण्णाने त्यावर निळा रंग मारला. तरी ऊन तिरपं पडलं की रंगाखालून हंसाची मान अजून दिसते. मागच्या फळीवर अडकवायचं इंजिन मालवणकडून आलं. त्याआधी मळ्यावर लाकडी नाव होती. ती कुजली आणि एका पावसाळ्यात खुंट्यावरच बुडून बसली. तेव्हापासून वहिनीचं म्हणणं एकच होतं. वर माळावर पूरग्रस्तांसाठी प्लॉट मिळाला आहे, तिथे राहायला जाऊ.

"प्लॉट बघितलायस न्हवं?" अण्णा म्हणायचा. "दोन खाटा टाकल्या की संपला. म्हशी काय खाटंवर घेऊन झोपू?"

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. वहिनीचंही नव्हतं. तिचा सगळा संसार नदीकाठी झाला, पण तिला पोहता येत नाही. पाणी गुडघ्यापर्यंत आलं की ती पदर कंबरेला खोचते आणि बोलायची थांबते. दोन मुलींची लग्नं झाली, त्या गेल्या. उरलेल्या दोघांत हा एकच विषय राहिला होता आणि तो दर उन्हाळ्यात नव्याने निघायचा.

फायबरची बोट आली त्या दिवशी अण्णाने तो मिटवला. बोट बघायला गावातली चार माणसं जमली होती. त्यांच्यासमोर त्याने बोटीच्या अंगावर थाप मारली आणि वहिनीला म्हणाला, "ही कुजंल त्या दिवशी मळा सोडतो. झालं समाधान?"

माणसं हसली. एक जण म्हणाला, "वैनी, फायबर कुजतंय व्हय? फशीवलं तुमास्नी."

वहिनी हसली नाही. "चौघं साक्षीला हाईसा," एवढंच म्हणाली.

नंतरची बरीच वर्षं बोटीने काम चोख केलं. दर खंडेनवमीला कोयता, खुरपं, पंप यांच्याबरोबर बोटीचीही पूजा व्हायची. हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि मागच्या फळीला आतल्या अंगाने लिंबू-मिरची. लिंबू-मिरची टांगायला अण्णा फळीच्या वरच्या काठाशी एक खिळा ठोकायचा आणि वहिनी दोरा बांधायची. खिळा पाण्याने गंजून जायचा. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी नवा.

मग एका पुरात वहिनी बोटीत मागे बसली होती, मांडीवर रेडकू घेऊन. अण्णा इंजिन धरून उभा. मध्यावर पाण्याला ओढ फार. वहिनीने पाहिलं की इंजिनाने जोर धरला की ते मागे कलतं आणि सोडला की पुढे येतं. इंजिन नव्हे, फळीच हलत होती. काठाला लागल्यावर ती म्हणाली, "तुमचं मशीन मान हलवाया लागलंय." अण्णाने ऐकून घेतलं. पूर ओसरला, बोट उलटी घातली गेली, ऊसतोड आली, विषय मागे पडला.

त्या मे महिन्यात अण्णाने बोट सुलटी केली आणि पान्याच्या मुठीने मागची फळी वाजवून पाहिली. बाजूंना टणटण वाजत होतं. मध्ये, जिथे इंजिन बसतं, तिथे भद्द. ओल्या पोत्यावर मारल्यासारखं. त्याने मला फोन केला.

"बेळगावात फायबरवाला हाय का बघ रं. फळीत पाणी शिरलंय वाटतंय."

तासाभरात वहिनीचा फोन आला. गोठ्यातून बोलत होती. मागे म्हशी हंबरत होत्या.

"भावजी, एक काम कराल?"

"सांग की."

"त्या मिस्त्रीला म्हणावं, बोट संपली. दुरुस्त व्हत न्हाई. एवढं एकच खोटं बोलायला लावा त्याला. तुमी पेपरवाली माणसं. तुमास्नी काय अवघड हाय?"

मी बघतो म्हणालो. हा शब्द कचेरीत दिवसातून कितीदा तरी वापरला जातो आणि त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. वहिनीलाही असावा. "बघा मंग," म्हणून तिने फोन ठेवला.

बोट टेम्पोत बसवून आणली. पुढचा भाग केबिनच्या वर, मागची फळी बाहेर. संकेश्वरजवळ चहाला थांबलो तर हॉटेलातला माणूस बशी पुसता पुसता बाहेर आला.

"पूर अजून आला न्हाई, तुमी आधीच पळालासा व्हय?"

"पळालो न्हाई," अण्णा म्हणाला. "दवाखान्यात न्यायलोय."

"काय झालंय?"

"कंबर गेलीया."

मच्छे औद्योगिक वसाहतीत मागच्या गल्लीला बसवराजचा कारखाना. कारखाना म्हणजे तीन भिंती आणि पत्रा. तो पाण्याच्या टाक्या, संडासाची दारं, वॉचमनच्या केबिनी बनवायचा. त्या दिवसांत एका शाळेच्या फाटकासाठी सिंह चालला होता. आयाळ झाली होती, तोंड व्हायचं होतं. बोट त्याने आयुष्यात कधी हाताळली नव्हती आणि हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं. दुसऱ्या वाक्यात म्हणाला, "पण टाकीत पाणी आत राहतंय, हिच्यात बाहेर राहतंय. एवढाच फरक. करू की री." त्याच्या मराठीत हा कन्नड, अदबीचा "री" सारखा यायचा.

ग्राइंडरने त्याने आतल्या बाजूचं फायबर काठाकाठाने कापलं. पांढरी धूळ उडाली आणि सिंहावर जाऊन बसली. तुकडा ओढून काढल्यावर आतलं लाकूड दिसलं. बाहेरून ही बोट सगळी फायबरची. पण जिथे इंजिनाचा भार पडतो तिथे दोन फायबरच्या मध्ये प्लायवूड असतं. ते आता प्लायवूड राहिलं नव्हतं. काळं, मऊ, बोटाने निघणारं. बसवराजने मूठभर काढून पिळलं तर पाणी गळलं. वास ओल्या तंबाखूसारखा. निपाणीच्या वखारीत भिजून फुकट गेलेल्या बोदाला, तंबाखूच्या गाठोड्याला, येतो तसा. अण्णाने तो लगेच ओळखला आणि नाक बाजूला केलं.

"पाणी कुठनं गेलं री आत?" बसवराज स्वतःशीच बोलला. इंजिनाच्या बोल्टांची भोकं त्याने पाहिली. तिथे रबर होतं, चांगलं होतं. मग त्याने वरचा काठ अंगठ्याने पुसला. धुळीखालून एका ओळीत तांबडे ठिपके निघाले. प्रत्येक ठिपक्याखाली लाकडात एक काळी रेघ उतरत गेलेली, आणि सगळ्या रेघा खाली एकत्र होऊन तो मऊ भाग झालेला.

"हे काय हाय? खिळे कुणी मारले हो?"

अण्णा वाकला. बोट लावून एकेक ठिपका चाचपला.

"खंडेनवमीचं," तो म्हणाला.

बसवराजच्या भिंतीशी ठेवलेल्या वेल्डिंग मशीनलाही लिंबू-मिरची होती. त्याने तिकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि ग्राइंडरची वायर गुंडाळायला घेतली. रक्षणासाठी ठोकलेल्या खिळ्यांतूनच पाणी आत गेलं होतं. बातमी असती तर हे पहिल्या ओळीत आलं असतं. तिथे उभं असताना मात्र कुणालाच ते मोठ्याने म्हणावंसं वाटलं नाही.

दुपारी वहिनीचा फोन आला. अण्णाच्या हाताला फायबरची धूळ होती, म्हणून त्याने मला स्पीकर लावायला सांगितला.

"कुजलीया न्हवं?"

"फळी कुजलीया. बोट न्हाई."

"फळी काय गावात हुती? बोटीतच हुती न्हवं?"

"आतली हुती गं. लाकडाची. बोट फायबरची हाय, ती हाय तशी हाय."

"आतनं कुजलं म्हंजे कुजलंच की. चौघांत बोललासा तुमी."

"त्या चौघातलं दोघं मेलं."

"मंग दोघं हाईत की. मिस्त्री हाईत काय तिथं? मिस्त्री, तुमीच सांगा, बोट कुजलीया का न्हाई?"

बसवराजने हातातला ब्रश खाली ठेवला. "वैनी, माझं काम टाकीचं हाय री," तो म्हणाला. "घरातलं मला विचारू नका."

लाकूड काढायला दोन दिवस गेले. कोपऱ्यातलं चांगलं लाकूड चिवट निघालं. ते छिन्नीने सोलावं लागलं. नंतर पुठ्ठ्यावर फळीचा आकार घेऊन नवीन प्लायवूड कापलं, दोन थर एकमेकांना चिकटवले. बसवराजला सिंह वेळेत द्यायचा होता. तो घाईत होता. आभाळ भरून आलं होतं, हवा ओली होती, तरी त्याने रेझिन कालवलं, काचेच्या धाग्यांची मॅट लावली, वरून ब्रश मारला आणि कन्नडमध्ये "आयतु" म्हणाला. झालं. सकाळी जाऊन पाहिलं तर वरचा थर चिकट होता. बोटाला लागत होता. त्याने कोपरा धरून ओढला, तर सगळी मॅट कच्च्या भाकरीसारखी उचलून आली.

तो शिव्या देईल असं वाटलं होतं. तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला. म्हणाला, "हवा चुकली."

पुन्हा सगळं खरवडायचं, पुन्हा पुसायचं, पुन्हा वाळवायचं. या वेळी त्याने पत्र्याखाली दोन मोठे दिवे लावले आणि लाकूड कोरडं होईपर्यंत कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. तो आठवडा अण्णा माझ्याकडे राहिला. सकाळी बसने मच्छेला जायचा, संध्याकाळी यायचा. फायबरची धूळ कातडीत रुतते; ती दिसत नाही, फक्त खाजते. वहिनीने फोनवर सांगितलेलं खोबरेल तेल लावून तो दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसायचा आणि खिडकीतून आभाळाकडे पाहायचा. पाऊस कोल्हापूरकडे किती झाला हे मी न विचारता सांगायचो. कचेरीतून येताना ती एक बातमी घरी आणावी लागे. तो मान हलवायचा. मच्छेला पत्र्याखाली ठेवलेल्या बोटीपेक्षा तोच जास्त काठावर ओढून ठेवल्यासारखा दिसायचा. दिवसभर जमिनीवर, आणि लक्ष पाण्यात.

एकदा म्हणाला, "ही म्हणती त्यात चूक न्हाई रं."

"मग?"

"मग काय. म्हशी कुठं बांधू, सांग."

हात खाजवायचे नाहीत म्हणून त्याने मुठी मिटल्या.

दुसऱ्या वेळी रेझिन धरलं. फळी दगडासारखी झाली. बोल्टांची भोकं बसवराजने मुद्दाम मोठी पाडली, रेझिनने भरली आणि त्यातून पुन्हा बारीक पाडली, म्हणजे बोल्ट लाकडाला कुठेच शिवणार नाही. मग त्याने अण्णाला पान्याने वाजवून पाहायला सांगितलं. या काठापासून त्या काठापर्यंत टणटण. बसवराज खूश झाला. सिंहाचं तोंडही तोवर झालं होतं.

"आता खिळा मारायचा न्हाई री. एक बी न्हाई. देवाला सांगा, दोऱ्यावर भागव म्हणून."

"किती टिकंल?" अण्णाने विचारलं.

"खिळा न्हाई मारला तर? तुमच्या मागं बी टिकतंय."

तो अभिमानाने म्हणाला होता. अण्णाने फळीवरचा हात काढून घेतला. परतीच्या वाटेवर, टेम्पोत, काकती गेलं, संकेश्वर गेलं. मागे बोट दोरीत कुरकुरत होती. निपाणी जवळ आल्यावर अण्णा म्हणाला, "माझ्या मागं कोण चालवायचं हाय ही?" ड्रायव्हरने रेडिओ लावला.

नदीवर वहिनी ताट घेऊन उभी होती. बोट पाण्यात ढकलली, इंजिन चढवलं. तिने हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. दोऱ्यात ओवलेली लिंबू-मिरची तिने पुढे केली आणि सवयीने अण्णाचा हात खिशात गेला. बाहेर आला तेव्हा त्यात खिळा होता. नवा, दोन इंची. सगळ्यांनी तो पाहिला. अण्णानेही, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या हातात होता.

"मिस्त्रीनं काय सांगितलंय?" मी म्हणालो.

अण्णाने वहिनीचा हात उताणा केला आणि त्यावर खिळा ठेवला.

"तुज्याजवळ ठेव," तो म्हणाला. "तुला वाटंल तवा ठोक. मी आडवा येत न्हाई. पुन्यांदा कुजली की बोलायचं न्हाई, उठायचं आन् वर जायचं. फळी आन् बोट करत बसणार न्हाई."

वहिनीने खिळ्याकडे पाहिलं. मग नव्या फळीकडे. तिने खिळा पदराच्या टोकाला गाठीत बांधला आणि लिंबू-मिरची दोऱ्याने इंजिनाच्या दांड्याला अडकवली.

"आधी दूध तरी घालून येऊया डेअरीला," म्हणाली. "नासंल."

त्यानंतर पावसाळे आले आणि गेले. बोटीने म्हशी सोडून सगळं वाहिलं. दूध, वैरण, गॅसचं सिलिंडर, एका वर्षी शेजारच्या वस्तीवरची बाळंतीण. फळी हलली नाही. दर वर्षी फोन आले, पाहुण्यांचे, अण्णाचे, वहिनीचे. दर वर्षी मी आभाळ बघितलं. खिळ्याचं मी कधी विचारलं नाही. काही प्रश्न विचारले की त्यांची उत्तरं छापावी लागतात.

गेल्या रविवारी मळ्यावर गेलो होतो. बोट सुलटी करून सावलीत ठेवली होती. मागच्या फळीच्या वरच्या काठाशी, आतल्या अंगाने, एक खिळा होता. गंजलेला. त्याखाली फायबरवर केसाएवढी तांबडी रेघ उतरली होती. खिळ्याला वाळून काळं पडलेलं लिंबू.

घरात गेलो. वहिनी चुलीपुढे होती.

"शेवटी ठोकलास तर," मी म्हणालो.

तिने भिंतीतल्या फळीवरचा मोहरीचा डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यासमोर धरला. मोहरीत दोन इंची खिळा होता. तेल लावून ठेवलेला, चकचकीत.

"माझा ह्यो बघा. हाय तसा हाय."

"मग तो?"

तिने गोठ्याकडे नजर टाकली. तिथे अण्णा म्हशीला पाणी दाखवत होता.

"दसऱ्याच्या आधी दिसला मला. इच्यारलं न्हाई," ती हळू म्हणाली. "इच्यारलं तर उपटून टाकतील. लाजंनं."

डबा बंद करून तिने पुन्हा फळीवर ठेवला.

निघताना अण्णा बोटीपर्यंत आला. म्हणाला, "तो मच्छेचा मिस्त्री हाय अजून?"

"आहे."

"एक टाकी सांग त्याला. पाण्याची. वर माळावर लागणार हाय. प्लॉटच्या मागची पडीक जागा मिळतीया म्हणं. गोठ्यापुरती."

"कधी पाहिजे?"

त्याने पाना उचलला आणि मुठीने फळी वाजवली. डाव्या काठापासून सुरू केलं. टणटण, टणटण. खिळ्याच्या जवळ आला तसा हात हळू झाला. मान कलती करून त्याने ऐकलं, पुन्हा एकदा मारलं, पुन्हा ऐकलं. घरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

"घाई न्हाई," तो म्हणाला. "पर सांगून ठेव."